राखणीचे दिवस

लिसना, १५ जून २००२

एर्माल,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी ऐक.

मागच्या आठवड्यात तुमच्या तिरानाहून दोन पोरी आल्या होत्या. पायात पांढरे बूट. आमच्या चिखलात पांढरे बूट! बसवलं, कॉफी केली, अंजिराचा मुरंबा काढला. कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत एकीनं पेन उघडलं आणि विचारलं, "काकू, गायी किती?" घरच्यांची चौकशी नाही, पिकाची नाही. सरळ गायी किती. मी म्हटलं, "दोन." तेवढ्यात मागच्या गोठ्यातून हंबरडा आला. ती म्हणाली, "काकू, ही कुणाची?" म्हटलं, "शेजारणीची. तिला आमच्याकडे करमतं."

खऱ्या किती ते मी कागदावर लिहीत नसते. तुझ्या कागदावरही नाही.

तू त्या शेतीच्या हापिसात पंख्याखाली बसतोस, म्हणून सांगते. असल्या पोरी कोण पाठवतं ते शोध आणि त्याला म्हणावं, लिसनाच्या बायका कॉफी पाजतात याचा अर्थ गोठ्याचं दार उघडतात असा नाही.

आता माझं. पत्राला उशीर झाला, कारण दहा तारखेपासून माझी राखण होती. पाच दिवस सकाळ ते संध्याकाळ अख्ख्या गावाची गुरं घेऊन डोंगरावर, सोबतीला एक कुत्रं, तेही रुस्तेमचं, म्हणजे आळशी. काल संध्याकाळी शेवटचं उतरले. गुडघे अजून डोंगरावरच आहेत.

दुधाचं रडगाणं तेच. सकाळचं दूध व्यापाऱ्याची गाडी नेते. संध्याकाळचं ठेवायचं कुठे? उन्हाळ्यात सकाळपर्यंत फाटतं. मग त्याचं चीज करा, आणि चीज खायला घरात कोण, मी आणि मांजर. आल्टिन ग्रीसमधून एकच पाढा म्हणतो. "आई, गायी वीक, सेलानिकला ये. इथे तुझ्यासाठी खोली आहे, लिफ्ट आहे." लिफ्टला मी काय चारा घालू? पोटचा पोरगा आहे, तोडून बोलवत नाही. त्याला सांगितलंय, शेनमित्रीच्या सणापर्यंत, ऑक्टोबर संपेपर्यंत थांब. तोवर संध्याकाळच्या दुधाची सोय लागली तर मी इथेच. नाही लागली तर गोठ्याला कुलूप घालून येते.

बायरामच्या गाडीतून चीज पाठवलंय. तो वाटेत चाखतो, तेव्हा डबा हातात घेऊन जड लागतोय का बघ. बाकी आशीर्वाद. लग्नाचं काय झालं?

तुझी आत्या सानिये

०००

तिराना, २४ जून २००२

आत्या,

चीज पोचलं. डब्यात एका कोपऱ्यात बोटांचे ठसे होते, बायरामला विचारलं तर म्हणाला रस्ता खराब आहे.

आता तू बसून वाच. त्या पोरी मी पाठवल्या होत्या.

आमच्या हापिसात एक दूध-योजना आली आहे. डोंगरातल्या एका गावाला दूध थंड ठेवायची मोठी टाकी मिळणार, विजेवर चालणारी. संध्याकाळचं दूध त्यात ओतायचं, सकाळी गोड निघतं. तुझं रडगाणं ऐकूनच मी लिसनाचं नाव यादीत घातलं होतं. अट एकच, गावात निदान साठ दुभत्या गायी हव्यात, नाहीतर टाकी अर्धी रिकामी राहते आणि विजेचा खर्चही निघत नाही. लिसनाचा आकडा आला चौतीस. आमचे साहेब हेनिंग, डेन्मार्कचे, मला म्हणाले, "एर्माल, तुझ्या आत्याच्या गावात गायींपेक्षा कॉफीचे कप जास्त आहेत."

तू विचारशील, पोरींनी टाकीचं आधी का सांगितलं नाही. मीच बंदी केली होती. टाकीचं सांगितलं असतं तर प्रत्येकानं गायी वाढवून सांगितल्या असत्या. ही आमच्या अभ्यासातली पहिली गोष्ट.

साहेबांच्या हातापाया पडून मी दुसऱ्यांदा मोजणी मिळवली आहे, जुलैच्या मध्यात. लोकांना फक्त एवढंच सांग, की खरं बोला. टाकीबद्दल कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस.

लग्नाचं काही झालं नाही.

एर्माल

०००

लिसना, २ जुलै २००२

एर्माल,

म्हणजे तो पांढऱ्या बुटांचा कारखाना तूच! तुला लहानपणी मी मांडीवर घेऊन ब्युरेक भरवला, त्याची ही परतफेड.

तुझ्या अभ्यासातली पहिली गोष्ट कळली. टाकीचं सांगितलं तर लोक वाढवून सांगतात. आणि नाही सांगितलं तर कमी सांगतात, ही दुसरी गोष्ट तुमच्या पुस्तकात नव्हती? नसेल तर लिहून घे, माझ्या नावानं.

तुझा जन्म तिरानाचा, तुला काय ठाऊक. एक्क्याऐंशी साली सरकारची माणसं अशीच कागद घेऊन आली होती. घराघरातलं शेवटचं जनावर सामायिक कळपात न्यायला. आमच्याकडे एक शेळी होती. मी ती पलंगामागे लग्नाच्या रजईखाली दडवली. शेळीला खोकला झालेला. तुझा बाप तिरानाहून पाहुणा आलेला, तो दारात उभा, शेळी खोकली की तो मोठ्यानं खोकायचा. साहेब कनवाळू निघाला, म्हणाला या माणसाला दवाखान्यात पोचवा. तुझ्या बापाला गाडीत घातलं, गाडी सुरू झाली, आणि मग शेळी एकटीच खोकली. नेली तिला. तेव्हापासून या गावात पेन दिसलं की आकडा अर्धा होतो. आणि जनावरांचा आकडा तोंडानं काढला की नजर लागते ती वेगळीच. नझमियेच्या सासूनं एकदा पाव्हण्याला मेंढ्या मोजून दाखवल्या होत्या. आठवड्यात लांडगा आला.

तू म्हणालास कुणाला सांगू नको. मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त नझमियेला सांगितलं, कारण तिचा-माझा कुंपणाचा बांध एक आहे. आणि बायरामनं पत्र वाटेत वाचलं असावं, कारण माझ्या हातात पडायच्या आधी रुस्तेम माझ्या दारात उभा होता. "सानिये, टाकी केवढी आहे गं?" तो गावचा मुखिया, त्याला वाटतं टाकी त्याच्याच अंगणात बसणार.

मी चौकात उभी राहून सांगितलं, "खरं तेवढं बोला, नाहीतर मी एकेकाचं नाव घेऊन ओरडेन." सगळ्यांनी मान डोलावली. मला ते मान डोलावणं आवडलं नाही.

आशीर्वाद. लग्नाचं काही झालं नाही हे एक वाक्य तू दर पत्रात लिहितोस, शिक्का करून घे.

आत्या

०००

तिराना, २२ जुलै २००२

आत्या,

एकशे नव्वद.

एकशे नव्वद गायी, आत्या. चौतीसच्या एकशे नव्वद झाल्या पाच आठवड्यांत. रुस्तेमनं वीस सांगितल्या. नझमियेनं अकरा. एका म्हाताऱ्यानं चौदा सांगून पोरींना गोठ्यात नेलं, तिथे एक गाढव होतं आणि ते लंगडत होतं. तो म्हणाला, बाकीच्या चरायला गेल्यात. कपाळावर पांढरा चांद असलेली एक तांबडी गाय पोरींना तीन गोठ्यांत भेटली. तिसऱ्या गोठ्यात तिनं त्यांना ओळखलं, असं त्या म्हणतात.

हेनिंगसाहेब डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग चष्मा पुसला आणि लिहिलं की या गावाच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. लिसनाचं नाव कापलं. टाकी दुसऱ्या गावाला, ब्रेश्ताला जाणार. हापिसात आता मला एकशे नव्वद म्हणूनच हाक मारतात.

दहा सप्टेंबरपर्यंत हरकत घ्यायची मुदत आहे. पण हरकतीसाठी एक तरी पक्का आकडा लागतो, आणि तो मी कुठून आणू? कुणाच्या तोंडून आणला तरी साहेब हसणार.

मी तुझं काम केलं नाही, आत्या. उलट बिघडवलं. तू मला चार शिव्या दे, पण आल्टिनला एवढ्यात काही सांगू नकोस.

एर्माल

०००

लिसना, २३ ऑगस्ट २००२

एर्माल,

महिना झाला उत्तर लिहिलं नाही. शिव्या साठवत होते. मग वीस तारखेला राखणीचा नंबर लागला, तीन दिवस रोज डोंगर चढले-उतरले, काल सुटले. तिथे त्या साठवलेल्या शिव्या गायींवर संपल्या, त्यामुळे तुझ्या वाट्याला उरल्या नाहीत. नशीब तुझं.

ती चांदवाली तांबडी नझमियेची. मागच्या दारानं काढायची, ओढ्यातून न्यायची, पुढच्या घरी बांधायची. युक्ती रुस्तेमची. मी ओढ्याकाठी कपडे धूत होते, तिसऱ्यांदा ती गाय समोरून गेली तेव्हा बिचारी माझ्याकडे बघत होती, की बाई, तू तरी सांग यांना.

रुस्तेमला मी पाणवठ्यावर गाठला. सगळं गाव होतं तिथे. म्हटलं, "काय रे, वीस गायी? मग वीस दिवस राखणीला जा ना डोंगरावर! दोनच दिवस कसा जातोस दर फेऱ्याला?" तो म्हणाला, "हळू बोल गं सानिये." म्हटलं, "का हळू? ज्याच्या जितक्या गायी तितके दिवस राखण. अकरा वर्षं तू दोन दिवस जातोस, तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला की काठी पुढच्या घरी टाकून पळतोस. राखणीत एक दिवस कुणी चोरून बघावा, आम्ही बायका त्याची काठी त्याच्याच पाठीत घालू. आणि त्या पोरींपुढे वीस!" नझमिये हसायला लागली तर तिलाही म्हटलं, "तू हसू नको, अकरावाली."

असं हे गाव. खरं बोलायचं म्हटलं की यांच्या जिभेला काटे फुटतात. तुझ्या साहेबाची चूक नाही. तो फुकटचा हसरा दिसतो, पण चूक नाही.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. आल्टिननं कागद पाठवलेत. माझा फोटो काढून आणला बायरामबरोबर तालुक्याला जाऊन. फोटोत मी कुणालातरी चावणार आहे अशी दिसते. ग्रीसवाल्यांना आधीच कळलेलं बरं.

चीज शेवटचंच समज, पुढं कधी जमेल ठाऊक नाही. आशीर्वाद.

आत्या

०००

तिराना, १ सप्टेंबर २००२

आत्या,

तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवतो. काल दोन पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि माझा चहा गार झाला.

जूनच्या पत्रात तू लिहितेस, दहा जूनपासून माझी राखण होती. ऑगस्टच्या पत्रात लिहितेस, वीस ऑगस्टला नंबर लागला. आणि रुस्तेमला शिव्या देताना तू मला नियम सांगून मोकळी झालीस, ज्याच्या जितक्या गायी तितके दिवस. म्हणजे तुझ्यापासून निघालेली काठी गावातल्या प्रत्येक गायीमागे एक दिवस थांबून पुन्हा तुझ्या दारात येते. दहा जून ते वीस ऑगस्ट, मी बोटांवर मोजले, मग कॅलेंडरवर मोजले. एकाहत्तर दिवस.

एकाहत्तर गायी, आत्या! कुणी तोंडातून आकडा काढला नाही, कुणाला नजर लागली नाही, आणि कुणी एक दिवस कमी-जास्त करू शकत नाही, कारण तुम्ही बायका काठी घेऊन बसल्या आहात. आम्ही चार वर्षं शिकलो की शेतकऱ्याला गायी किती ते कसं विचारावं. विचारूच नये, राखण कधी ते विचारावं, हे कुणी शिकवलं नाही.

दोन्ही पत्रं घेऊन साहेबांकडे गेलो. मोठ्यानं भाषांतर करून वाचली. "फुकटचा हसरा" तेही वाचलं, घाईत लक्षातच आलं नाही. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो."

आता दुसरी गोष्ट. ही मी साहेबांना दाखवली नाही.

जूनमध्ये तुझी राखण पाच दिवसांची होती. ऑगस्टमध्ये तीन.

आत्या, दोन गायी कुठे आहेत?

एर्माल

०००

लिसना, ९ सप्टेंबर २००२

एर्माल,

तुला शिकवलं हीच तुझ्या बापाची चूक.

विकल्या. तुझं एकशे नव्वदचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. लाजरी आणि तिची थोरली. टाकी नाही म्हटल्यावर शेनमित्रीपर्यंत वाट बघून काय करायचं होतं? सगळ्या एकदम विकायला गेले असते तर मी गोठ्यातच बसले असते दाव्याला धरून. म्हटलं, दोन आत्ता, दोन नंतर, एक शेवटी. दात काढतात तसं. एकेक.

व्यापारी चांगला भाव देत होता, गाडी घेऊन आला होता. त्याला हाकलून दिलं. नझमियेच्या सुनेला दिल्या, मिरेलाला. तिचा नवरा इटलीत, सासू अकरावाली, तिला हाताला काम हवं होतं. म्हणजे गायी गावातच आहेत, कुंपणापलीकडे. तुझ्या एकाहत्तरातला एक दिवससुद्धा कमी झालेला नाही, हे साहेबाला सांग. माझे दोन दिवस मिरेलाच्या काठीला गेले, एवढंच.

संध्याकाळी धारेच्या वेळी लाजरी कुंपणाशी येऊन उभी राहते. मिरेला हाका मारून थकते. मी तिकडे बघत नाही. पाठ करून बसते आणि मोठ्यानं कामं करते.

हे तुला कळू द्यायचं नव्हतं. पाच आणि तीन. कुठल्या कुठे जाऊन मोजतोस, आणि एक मुलगी बघायला सांगितली तर तिथे आकडा शून्य.

साहेब कधी येतोय ते कळव. त्याला "फुकटचा हसरा" वाचून दाखवलंस म्हणजे आता मला कोंबडी कापावी लागणार. बायराम भोंगा वाजवतोय.

आत्या

०००

लिसना, २० ऑक्टोबर २००२

एर्माल,

तू दर चार दिवसांनी निरोप पाठवतोस "काय झालं, काय झालं." साहेब आला आणि गेला, तेच झालं. सविस्तर ऐक.

तुझा हेनिंग ताडमाड आहे, दारातून वाकून आला तरी कपाळ आपटलं. मी म्हटलं, "बसा, दाराला तुमची ओळख नाही." दुभाषी म्हणून आलेली त्या पांढऱ्या बुटांच्या दोघींतलीच एक पोर. या वेळी रबरी बूट घालून आलेली. सुधारली.

रुस्तेम गळपट्टा लावून उभा होता. तोंड उघडणार तेवढ्यात साहेब म्हणाला, "मला कुणाला काही विचारायचं नाही. आज राखण कुणाची?" तालेब म्हाताऱ्याची होती, तोच लंगड्या गाढववाला. त्याला एकच गाय, म्हणून एकच दिवस, आणि तो दिवस नेमका तो! साहेब त्याच्यामागून डोंगर चढला. दिवसभर वर होता. तालेबनं त्याला राकी पाजली, साहेबानं त्याला बिस्किटं दिली. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही, पण खाली उतरले तेव्हा गळ्यात गळे.

संध्याकाळी गुरं पुलावरून एकेक करून येतात. साहेब पुलाच्या तोंडाशी उभा राहून बोटं हलवत होता. नझमिये त्याच्या शेजारी उभी, त्याचं बोट हललं की ही नजर लागू नये म्हणून थुंकायची आणि म्हणायची, "माशाल्ला." बोट, थू, माशाल्ला. अर्धा तास! शेवटी बिचारीच्या तोंडाला कोरड पडली, मी ताक नेऊन दिलं. साहेब म्हणाला, "सत्तर." रुस्तेम माझ्याकडे बघतो, मी तालेबकडे बघते. तालेब म्हणाला, "माझी घरी आहे. सकाळीच व्यायली."

मिणमिणत्या दिव्यानं साहेबाला गोठ्यात नेलं. गाढव होतं, त्याच्या पलीकडे गाय होती, आणि कालवड होती ओली. त्यानं टोपी काढली. एकाहत्तर.

मग त्यानं सगळ्यांपुढे सांगितलं, टाकी लिसनाला. एप्रिलमध्ये. पण एक अट आहे म्हणाला. टाकीत येणारं प्रत्येक दूध तपासायचं, पाणी घातलेलं परत पाठवायचं, चावी एका माणसाकडे. कोण? रुस्तेमनं गळपट्टा नीट केला. तालेब म्हणाला, "सानियेला द्या. ती सगळ्यांना सारखंच टाकून बोलते." कुणी विरोध केला नाही. मला राग यावा की नाही हेच कळेना.

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शेनमित्री सहा दिवसांवर आली. आल्टिनला शब्द दिलाय, आणि सूनबाईला पाचवा महिना. त्यानं नोव्हेंबरच्या बसचं तिकीट काढलंय. टाकीच्या आधीच काढलं होतं, त्याचा काय दोष. जाऊन येते हिवाळ्यापुरती. माझ्या तिघी मिरेलाकडे राहतील.

परत येते की तिथेच राहते ते आत्ता विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

आत्या

०००

तिराना, १६ जानेवारी २००३

आत्या,

हे पत्र सेलानिकच्या बसवाल्याकडे देतोय. तो बायरामपेक्षा प्रामाणिक दिसतो, पण डबा नाही म्हणून असेल.

आल्टिनशी फोनवर बोललो. म्हणाला, आई रोज सकाळी पाच वाजता उठते आणि बाल्कनीत उभी राहते. शेजारच्या बाईला तिनं दूध पातळ आहे म्हणून दुकानदाराशी भांडून परत करायला लावलं. दुकानदार आता तिला बघून दुसऱ्या दारानं जातो. आल्टिन सांगताना हसत होता, पण मध्येच थांबला. म्हणाला, "एर्माल, मी तिला आणलं ते बरं केलं ना?" याचं उत्तर तू दे.

टाकी पंधरा एप्रिलला येते. साहेबांना चावीवाल्याचं नाव मार्चअखेर हवंय. तुझं आलं नाही तर कागदावर रुस्तेमचं नाव आपोआप जाईल, मुखिया म्हणून. मी काही बोलत नाही. फक्त कळवतो.

लग्नाचं शिक्क्याप्रमाणे. पण ती रबरी बुटांची पोर, तिचं नाव अनिला आहे, एवढं सांगतो.

एर्माल

०००

लिसना, २८ एप्रिल २००३

एर्माल,

आज आशीर्वाद पहिल्यांदा. घे. तुझ्यासाठी आणि अनिलासाठी. रबरी बुटांवर मी तेव्हाच खूश होते, तुलाच उशीर लागला.

टाकी शाळेच्या जुन्या खोलीत बसवली. रात्रभर गुणगुणते, पहिले चार दिवस तालेबचं गाढव तिला उत्तर देत होतं. चावी माझ्या गळ्यात. पहिल्याच संध्याकाळी रुस्तेमचं दूध परत पाठवलं. म्हणाला, "सानिये, पाऊस होता गं, भांडं उघडं राहिलं." म्हटलं, "मग पाऊस वीक, दूध मी घेते." दुसऱ्या दिवशी त्याचं दूध असं दाट आलं की चमचा उभा राहील.

आल्टिनला मी स्वतः सांगितलं. तिथे बाल्कनीत. म्हटलं, "बाळा, तुझ्या घरात मला काही कमी नाही, आणि तेच सोसत नाही." तो रडला, मी रागावले, मग दोघांनी कॉफी घेतली. ऑगस्टमध्ये बाळाला घेऊन येतोय. लाजरीचं दूध त्याला चालेल की नाही ते डॉक्टरला विचारतो म्हणाला. विचारू दे.

आता कामाचं. सहा मेला, शेनग्येर्जच्या सणापासून, गुरं पुन्हा वर चरायला जातात. राखणीचा फेरा मागच्या वर्षी जिथे थांबला तिथूनच पुढे चालू होतो. हिवाळा मध्ये आला म्हणून कुणाचा दिवस बुडत नाही. शेनमित्रीला गुरं वर जायची थांबली तेव्हा माझ्या नंबराला चार दिवस बाकी होते. म्हणजे दहा मेला काठी माझ्या दारात. मी टाकी सोडून जाऊ शकत नाही, आणि घरातल्या माणसानंच जायचं असा नियम आहे. माझ्या घरातलं माणूस म्हणजे तू. पांढरे बूट आणू नकोस.

हापिसात रजेचा अर्ज दे. आणि तुझ्या हिशेबानं तीन दिवसांचा देशील, तो फाड. चार दिवसांचा दे. मिरेला लाजरीला कुंपणापाशी हाका मारून थकली होती, तिलाच दया आली. कुणाची, ते मी विचारलं नाही.

साहेबाला नमस्कार सांग. आणि डोंगरावर तुला कुणी कागद घेऊन भेटलं, आणि विचारलं, तुझ्या आत्याच्या गायी किती, तर आधी बसव, पाणी दे, माशाल्ला म्हण.

मग सांग, दोन.

आत्या